बातमीदाराला शेवट ठाऊक नसतो

दहावीच्या मराठीच्या पेपरात बातमीलेखनाचा प्रश्न आला की मुले निर्धास्त असतात. शाळेत वृक्षारोपण झाले, स्नेहसंमेलन झाले, मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला. मथळा द्यायचा, स्थळ-तारीख टाकायची, ‘आमच्या वार्ताहराकडून’ लिहायचे, प्रमुख पाहुण्यांची दोन वाक्ये घालायची आणि आभारप्रदर्शनाने शेवट करायचा. गुण पक्के. या बातमीत उणीव एकच असते. तिच्यात काही घडलेले नसते.

पुढे कॉलेजात शोकांतिका शिकायला येते. तिथे मात्र घडण्याचा नुसता पूर असतो: खून, वेड, विष, तलवारी. पण हे सारे मुलांपर्यंत पोचते ते गाइडमधून. गाइडच्या पहिल्या पानावर कथासार आणि कथासाराच्या शेवटच्या ओळीत सगळे मेलेले. ‘नाटकातला कलाटणीचा प्रसंग कोणता?’ या प्रश्नाला पाच ओळींचे तयार उत्तर. मुले ते पाठ करतात, लिहितात, पासही होतात. पण ज्याला शेवट आधीच सांगून टाकला आहे, त्याला कलाटणी जाणवणार कशी?

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध चालते. शोकांतिकेतला कलाटणीचा प्रसंग मुलांना बातमी म्हणून लिहायला लावायचा. इंग्रजी शिकवणारे शिक्षक ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या तिसऱ्या अंकावर हा प्रयोग करतात: व्हेरोनाच्या भर रस्त्यात दोन खून झाले, उद्याच्या अंकासाठी बातमी द्या. वरवर पाहता हा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्यात मुलाच्या हातून एक मोठी गोष्ट काढून घेतली जाते, ती म्हणजे शेवटाची माहिती. बातमीदाराला आजचे ठाऊक असते, उद्याचे नसते. नाटकातल्या पात्रांचेही नेमके तसेच असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत हा प्रयोग करायचा म्हटले तर सामग्री बाहेरून आणावी लागत नाही. तिलोक जैन विद्यालय, बाबूजी आव्हाड महाविद्यालय अशा संस्थांमुळे आसपासच्या गावांतली मुले शिकायला इथे येतात. त्यांतल्या बहुतेकांनी शाळेच्या परिपाठात कधी ना कधी उभे राहून ‘आजच्या ठळक बातम्या’ वाचलेल्या असतात. मोहटादेवीचा नवरात्रोत्सव, मढीची यात्रा आणि तिथला गाढवांचा बाजार यांच्या बातम्या त्यांना दरवर्षी दिसतात. शिवाय वृत्तपत्र या जिल्ह्याला नवे नाही. ‘ज्ञानोदय’ नगरला निघाले ते १८४२ साली, म्हणजे मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ निघाल्यावर अवघ्या दहा वर्षांनी. शेजारच्या नेवासे तालुक्यात तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी सत्यशोधकी ‘दीनमित्र’ चालवले. १९१० साली सुरू झालेले हे पत्र त्यांनी अनेक दशके नेटाने काढले. बातमी म्हणजे पुण्या-मुंबईत तयार होणारी वस्तू, असे इथे कुणी म्हणू नये.

आणि शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’चा एक धागा तर थेट नगरच्या किल्ल्यापर्यंत जातो. पण तो शेवटी पाहू. आधी कलाटणी.

उचल कधी घेतली?

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक रंगभूमीवर मृत्यू सहसा प्रेक्षकांसमोर होत नसे. तो पडद्याआड व्हायचा आणि एक दूत धावत येऊन सांगायचा: असे असे झाले. म्हणजे शोकांतिकेत बातमीदार पहिल्यापासून आहे. अॅरिस्टॉटलने कलाटणीला ‘पेरिपेतेइया’ म्हटले. कृती एका हेतूने होते आणि फळ त्याच्या नेमके उलट मिळते, असा तिचा अर्थ. त्याने उदाहरण दिले तेही बातमीचेच. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलेल्या सोफोक्लीसच्या नाटकात कॉरिंथहून एक दूत येतो. राजाची काळजी मिटावी म्हणून तो एक गोष्ट सांगतो: ज्यांना तुम्ही आईबाप समजता ते तुमचे जन्मदाते नव्हेत. दिलासा द्यायला आणलेल्या या बातमीनेच राजाच्या पायाखालची जमीन सरकते.

आपल्याकडेही भासाच्या ‘ऊरुभंगा’त भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध प्रेक्षक प्रत्यक्ष पाहत नाहीत. रणभूमीवर आलेले तीन सैनिक ते पाहतात आणि सांगत जातात. आजच्या भाषेत ते थेट प्रक्षेपणच आहे.

मुलांना इथे अडचण येते ती ‘सर्वांत दुःखद’ आणि ‘कलाटणीचा’ यांत फरक करण्याची. नाटकात सर्वांत जास्त माणसे जिथे मरतात, तीच कलाटणी असे त्यांना वाटते. पाथर्डीच्या वर्गात हा फरक परिभाषेशिवाय सांगता येतो. या तालुक्यातून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला जातात. समजा, फडात किंवा कारखान्याच्या वाटेवर एखाद्या कुटुंबावर संकट कोसळले. पेपरात बातमी येईल ती त्या अपघाताची. पण त्या घराची गोष्ट वळली कुठे? घरातल्या आजारपणासाठी पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली तेव्हा. अंगठा उठला आणि पुढचे सहा महिने ठरून गेले. त्या दिवशी कुणी मेले नाही, कुणी रडलेही नाही. उलट औषधपाण्याची सोय झाली म्हणून घरात जरा बरेच वाटले असेल. अॅरिस्टॉटलची व्याख्या इथे तंतोतंत बसते, आणि ती समजायला ग्रीक यावे लागत नाही.

एका रात्रीच्या तीन बातम्या

आता ‘हॅम्लेट’ घेऊ. पहिला नियम: वर्गात तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंतच वाचायचे. पुढची पाने बंद. गाइड दप्तरात.

नाटक सुरू होते तेच एका खोट्या अधिकृत बातमीने. डेन्मार्कचा राजा दुपारी बागेत झोपला असताना सर्पदंशाने वारला, असे जाहीर झाले आहे. पाथर्डीच्या मुलांना सर्पदंशाची बातमी सांगायला नको. दर पावसाळ्यात ती आतल्या पानावर असतेच. राजाचा भाऊ क्लॉडियस गादीवर बसतो आणि विधवा राणीशी लग्न करतो. मग रात्री किल्ल्याच्या तटावर मेलेल्या राजाचे भूत दिसते आणि ते मुलाला, हॅम्लेटला सांगते: साप वगैरे काही नाही, माझ्या भावाने माझ्या कानात विष ओतले.

इथे मुलांना थांबवून विचारायचे: ही बातमी छापाल का? वर्ग एकदम जागा होतो. एक म्हणेल, छापायची, एवढी मोठी बातमी. दुसरी म्हणेल, सूत्र कोण, भूत? पेपरात ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असे लिहितात, ते सूत्र असे असले तर? आणि मग लक्षात येते, की हॅम्लेट स्वतः हाच प्रश्न घेऊन दोन अंक झुरतो आहे. भुताचे खरे की खोटे? तो दुजोरा शोधतो. गावात नाटकमंडळी आली आहे. तो त्यांच्याकडून राजाच्या खुनाचा प्रसंग करून घेतो आणि काकाच्या तोंडाकडे बघत बसतो. काका दचकून उठतो. दुसरे सूत्र मिळाले. हॅम्लेटच्या ज्या दिरंगाईवर गाइडमध्ये पानेच्या पाने असतात, तिच्यातला निदान अर्धा भाग मुलाला आता ‘बातमीची खातरजमा’ म्हणून कळतो.

त्या एका रात्रीत तीन गोष्टी घडतात. नाटकाचा प्रयोग मध्येच बंद पडतो. मग राजा एकटा प्रार्थनेला बसतो. हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसतो, पण प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाईल असे म्हणून तसाच निघून जातो. आणि थोड्या वेळाने आईच्या महालात पडद्यामागे कुणीतरी ओरडते. हॅम्लेटला वाटते राजाच आहे. तो पडद्यावरूनच तलवार खुपसतो, आणि आत निघतो म्हातारा मंत्री पोलोनियस, त्याच्या लाडक्या ओफिलियाचा बाप.

वर्गाला पंधरा मिनिटे द्यायची आणि शंभर शब्दांची मर्यादा घालायची. बातमी साधारण अशी उतरावी:

‘एल्सिनोर, ता. १२ (आमच्या वार्ताहराकडून): ज्येष्ठ राजमंत्री पोलोनियस यांचा काल रात्री राणीसाहेबांच्या महालात तलवारीच्या वाराने मृत्यू झाला. ते पडद्यामागे उभे असताना युवराज हॅम्लेट यांनी पडद्यावरून वार केल्याचे समजते. घटनेच्या वेळी राणीसाहेब महालात उपस्थित होत्या. पोलोनियस तिथे कशासाठी थांबले होते, हे स्पष्ट होऊ शकले नाही. युवराजांची मनःस्थिती काही दिवसांपासून ठीक नसल्याचे राजवाड्यातून सांगण्यात येते. त्याआधी सायंकाळी राजवाड्यात सुरू असलेला नाट्यप्रयोग महाराज अचानक उठून गेल्याने बंद करण्यात आला होता. मृतदेह रात्री उशिरापर्यंत मिळू शकला नव्हता. पोलोनियस यांच्या पश्चात एक मुलगा व एक मुलगी असा परिवार आहे.’

या बातमीकडे जरा जवळून पाहावे. तिच्यात सहा ककारांपैकी कोण, काय, कुठे, केव्हा, कसे ही पाच उत्तरे आहेत. सहावे, ‘का?’, कोरे आहे. आणि जिथे ‘का?’ कोरे राहते, तिथे बातमीदार ‘समजते’, ‘सांगण्यात येते’, ‘स्पष्ट होऊ शकले नाही’ अशा काठ्या टेकत चालतो. हे शब्दप्रयोग मुलांना एरवी पोकळ वाटतात. इथे त्यांची किंमत कळते. ‘युवराज वेडे आहेत’ असे लिहिणे आणि ‘मनःस्थिती ठीक नसल्याचे सांगण्यात येते’ असे लिहिणे यांत एका माणसाच्या आयुष्याचा फरक आहे.

क्रियापदाचेही तसेच. मराठीत मेला, मारला, मारला गेला, ठार केला, बळी पडला, मृत्यू झाला. प्रत्येकात दोष वेगळ्या माणसाच्या माथी जातो. हॅम्लेटने पोलोनियसला ‘मारले’ का? त्याला तर राजाला मारायचे होते. मग पोलोनियस ‘बळी पडला’ का? पण वार तर जाणूनबुजून केलेला. ‘खून’ लिहायचे की ‘मृत्यू’? या एका शब्दावर वर्गात दहा मिनिटे वाद झाला, तर त्या दहा मिनिटांत शोकांतिका शिकवून झाली असे समजायला हरकत नाही. हेतू एक, हत्यार तेच, फळ भलतेच. पेरिपेतेइया.

जी बातमी होऊच शकत नाही

आता गंमत मधल्या प्रसंगाची. प्रार्थनेच्या वेळी हॅम्लेटने राजाला मारले नाही, त्याची बातमी लिहून दाखवा.

ती लिहिता येत नाही. कुणी पाहिले नाही. राजाची पाठ होती. काहीही घडले नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला मथळा नसतो. तरी नाटकाचा अभ्यास करणाऱ्यांतले कितीतरी जण खरी कलाटणी तिथेच मानतात. त्या क्षणी तलवार खाली आली असती, तर पोलोनियस वाचला असता, ओफिलिया वाचली असती, शेवटचे सगळे मुडदे टळले असते. त्यात आणखी एक मेख आहे. हॅम्लेट निघून गेल्यावर राजा उठतो आणि कबूल करतो की आपली प्रार्थना काही लागली नाही, शब्द वर गेले आणि मन खालीच राहिले. म्हणजे ज्या कारणासाठी हॅम्लेटने हात आवरला, ते कारणच नव्हते. ही गोष्ट फक्त प्रेक्षकाला कळते. हॅम्लेटला नाही, बातमीदाराला तर नाहीच.

या प्रयोगावर काही शिक्षक रास्त आक्षेप घेतात: शेक्सपीअरची बातमी केली तर त्याचे काव्य कुठे राहिले? स्वगते कुठे गेली? उत्तर या कोऱ्या जागेत आहे. बातमी जिथे हात टेकते, तिथून नाटक सुरू होते, हे मुलाला सांगावे लागत नाही. ते त्याला स्वतःच्या कोऱ्या कागदावर दिसते. त्यानंतर तेच स्वगत वाचायला घेतले तर तो वेगळ्या कानांनी ऐकतो.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला पुढची पाने उघडायची आणि फॉलोअप लिहायचा. या खुनाची एकमेव प्रत्यक्षदर्शी राणी. ती राजाला जाऊन सांगते की मुलगा वेडाच्या भरात होता, पडद्यामागे उंदीर आहे असे ओरडून त्याने वार केला. प्रत्यक्षात हॅम्लेटने वार केल्यावर तिलाच विचारले होते, तो राजा आहे का म्हणून. तेवढे तिने गाळले. आई मुलाला वाचवते आहे की राजाला जपते आहे? बातमीतली एक ओळ गाळली तर काय होते, याचा याहून चांगला धडा नाही. राजा लगेच ओळखतो की तिथे आपण असतो तर आपण मेलो असतो. तो हॅम्लेटला इंग्लंडला पाठवतो आणि पोलोनियसला घाईघाईने, गुपचूप पुरून टाकतो. अधिकृत बातमी दाबली की अफवा उठतात. उठतातच. पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस परदेशातून येतो तो जमाव घेऊन, राजवाड्याची दारे फोडत.

ओफिलिया बुडून मरते, तेव्हाही वृत्तांत राणीच देते. ओढ्याकाठचे झाड, मोडलेली फांदी, फुलांच्या माळा, पाण्यावर पसरलेली वस्त्रे, सगळे तपशीलवार. एखादी चलाख मुलगी इथे हमखास विचारेल: एवढे सगळे कुणी पाहत होते, तर तिला बाहेर का नाही काढले? पुढे कबर खणणारे दोघे आपसांत तोच वाद घालतात, ही आत्महत्या की अपघात? आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ होते आणि बातमी दोन ओळींत संपते. त्या दोन ओळींच्या मागे किती काय असू शकते, हे ओफिलियाच्या निमित्ताने बोलता येते.

आणि मरताना हॅम्लेट मित्राकडे, होरेशोकडे मागतो काय? सूड नाही, स्मारक नाही. तू मागे राहा आणि जे झाले ते लोकांना नीट सांग. खोट्या बातमीने उघडलेल्या नाटकाचा नायक खऱ्या बातमीची सोय करून मरतो.

तुरुंगातला संपादक

हे नाटक संपूर्ण मराठीत आणणारा माणूस स्वतः वर्तमानपत्राचा संपादक आणि शाळामास्तर होता. गोपाळ गणेश आगरकर. त्याची गोष्टही या वर्गात यायला हवी, कारण तिच्यात बातमी आणि शोकांतिका एकमेकींत अडकल्या आहेत.

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला. आगरकर त्याचे संपादक होते. टिळक आणि ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवतही होते. त्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, अजून विशीही न गाठलेले. दत्तक आलेल्या या मुलाला वेड लागल्याचे सरकारी अधिकारी सांगत होते. महाराज वेडे नाहीत, त्यांना छळून वेडे ठरवले जात आहे, असा लोकांत बोभाटा होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडाडून टीका केली. तिला आधार होता बर्व्यांच्या म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली.

जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांच्या आसपासचे. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. आणि त्याच कोठडीत त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. मराठी हॅम्लेटचे नाव चंद्रसेन. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशांनी ही भूमिका अशी गाजवली की मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना हॅम्लेट म्हटले की गणपतराव आठवत.

ही दोन प्रकरणे फळ्यावर शेजारीशेजारी मांडावीत. एकीकडे एक राजपुत्र. तो वेडा आहे की नाही यावर राजवाड्यातच एकमत नाही. त्याच्या हाती एक भयंकर आरोप येतो आणि दुजोरा मिळेपर्यंत तो थांबतो. दुसरीकडे एक तरुण राजा. तो वेडा आहे की नाही यावर सरकार आणि प्रजा यांचे एकमत नाही. संपादकांच्या हाती भयंकर आरोप करणारी पत्रे येतात आणि ते छापतात. त्यांचा हेतू राजाला वाचवण्याचा. फळ काय, तर स्वतःला कैद, आणि राजाची सुटका नाहीच. हॅम्लेट थांबला म्हणून घात झाला, संपादक थांबले नाहीत म्हणून घात झाला. कोणाचे चुकले, यावर मुलांनी संपादकीय लिहावे. एकच ‘बरोबर’ उत्तर शिक्षकाने खिशात ठेवू नये.

इतर नाटके, इतर मथळे

‘हॅम्लेट’च हवे असे नाही. शेक्सपीअरचेच ‘ज्युलियस सीझर’ घ्या. रोममध्ये सिनेटचे कामकाज आणि रोजच्या घडामोडी लिहून लोकांसाठी लावण्याची प्रथा इ. स. पूर्व ५९ मध्ये ज्युलियस सीझरनेच सुरू केली. वर्तमानपत्राचा हा एक फार जुना पूर्वज. म्हणून सीझरच्या खुनाची बातमी लिहिणे हा वेगळाच न्याय होतो. इथे आकडे तपासायचे. रोमन इतिहासकार सीझरच्या अंगावर २३ वार सांगतात, शेक्सपीअर ३३. मग ब्रूटसचे आणि अँटनीचे भाषण म्हणजे एकाच खुनावरची दोन विरुद्ध संपादकीये. आणि त्यानंतर चवताळलेला जमाव सिन्ना नावाच्या कवीला केवळ नामसाधर्म्यामुळे फाडून टाकतो. मोबाइलवर आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलणाऱ्यांनी तो छोटा प्रवेश जरूर वाचावा.

मराठी वर्गाला गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि महिन्याच्या आत बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. या नाटकातली कोणती बातमी मुले मोठी करतील? शेवटचे मृत्यू. पण सुधाकर वकिलाचे आयुष्य वळते ते कोर्टात झालेल्या अपमानानंतर तळीरामाने पुढे केलेल्या दारूच्या पहिल्या पेल्यापाशी. कोर्टातला प्रकार फार तर आतल्या पानावर चार ओळी. पेल्याची बातमी शून्य. ‘नटसम्राट’मध्ये मुलीच्या घरी आईबापांवर चोरीचा संशय घेतला जातो. ना तक्रार, ना गुन्हा, ना बातमी. आणि तिथेच नायक बेलवलकर घराबाहेर पडतात. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या इंग्रजी युवकभारतीत इब्सेनच्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’चा उतारा आहे. गावातल्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचा डॉक्टरचा लेख छापायला तिथला संपादक आधी उत्सुक असतो आणि मग कच खातो. ते नाटक १८८२ सालचे. डोंगरीत आगरकर ‘हॅम्लेट’ मराठीत आणत होते, तेच वर्ष.

खर्च काहीच नाही. तीन तास, कागद, आणि भिंतीवर लावायला एक जुना फळा. पहिल्या तासाला वाचन, दुसऱ्याला बातमी, तिसऱ्याला फॉलोअप आणि चुकलेल्या बातम्यांची शुद्धिपत्रे. शुद्धिपत्र विसरू नये. ‘कालच्या अंकात आम्ही असे छापले, ते चुकीचे होते’ हे लिहिताना नाटकातली ओळखीची घटका, सत्य उमगण्याची घटका, मुलाच्या आपोआप हाती लागते.

तिसऱ्या तासानंतर जमले तर सहल. पाथर्डीहून नगर पन्नासेक किलोमीटर. तिसगाव, करंजी, घाट, मग डाव्या-उजव्या हाताला डोंगर, वर चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर, पुढे भिंगार आणि भुईकोट किल्ला. १९४२ च्या आंदोलनात इथे नेहरू कैदेत होते आणि त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या साठ वर्षे आधीचा कैदी फारसा कुणाला आठवत नाही. ज्या राजासाठी ‘केसरी’चे संपादक तुरुंगात गेले, त्या चौथ्या शिवाजी महाराजांना इंग्रजांनी याच किल्ल्यात आणून ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा इथे मृत्यू झाला. वय वीस वर्षे. ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले तेच साल.

किल्ल्याच्या खंदकापाशी बसून मुलांनी त्या दिवशीची बातमी लिहावी, शंभर शब्दांत. ‘वेडे’ हा शब्द वापरायचा का, ‘मृत्यू’ लिहायचे की ‘मारले’, सूत्र कोण, हे सगळे आता त्यांचे त्यांनी ठरवायचे. एवढे मात्र कुणालाच लिहिता येणार नाही, कारण त्या नाताळाच्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हते: रिकाम्या झालेल्या गादीवर पुढच्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला आणि त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले.